त्यांचे तुकडे नको, त्यांची अडचण घे

तुझा प्रश्न सरळ होता, पोरी. "मामा, तुझ्या वाजवण्यावर सगळ्यांत जास्त कुणाचा प्रभाव?" नावं सांगायला मला विचार करावा लागत नाही. जँगो राइनहार्ट, फ्रेडी ग्रीन, वेस माँटगोमेरी, बी. बी. किंग आणि आपले ब्रिजभूषण काबरा. पण एवढंच सांगून सोडलं, तर तू घरी जाऊन त्यांचे सोलो शोधशील, मोबाइलवर सरकणारा टॅब बघून बोटं बसवशील आणि थोड्याच दिवसांत तुझ्याकडे पाच जणांचे पाच तुकडे जमा होतील. ते वाजवशीलही छान. तुझा हात मात्र होता तिथेच राहील. म्हणून जरा बैजवार सांगतो.

या पाचही जणांच्या हाताला कुठे ना कुठे अडसर होता. एकाची बोटं गेली. एकाला रात्री मोठ्यानं वाजवायची सोय नव्हती. एकाला गाता गाता वाजवणं जमत नव्हतं. एकाची गिटार चौदा-पंधरा वाद्यांच्या गदारोळात बिनाअँपची. आणि काबरांच्या हातात फ्रेटचा उपयोगच नव्हता. त्या अडचणीतून वाट काढता काढता त्यांचा सूर घडला. त्यामुळे तुकडा घेऊ नकोस, अडचण घे. काही दिवस ती अट स्वतःच्या हाताला घाल आणि तुझा हात कुठून वाट काढतो ते बघ.

जँगोपासून सुरुवात करतो, कारण त्याच्याबाबतीत हे डोळ्यांनी दिसतं. १९१० साली बेल्जियममध्ये जन्मलेला हा जिप्सी मुलगा पॅरिसच्या वेशीवरच्या तांड्यात वाढला. १९२८ च्या नोव्हेंबरात त्याच्या राहत्या गाडीला आग लागली. बायको विकण्यासाठी सेल्युलॉइडची फुलं बनवायची, ती भडकली. जँगो तेव्हा अठरा वर्षांचा. पाय कापावा लागेल असं डॉक्टर म्हणत होते. पाय वाचला, पण डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आखडून निकामी झालं. अंथरुणाला खिळलेला असताना भावानं त्याला गिटार आणून दिली. उरलेल्या दोन बोटांवर त्यानं सगळं वाद्य पुन्हा नव्यानं शिकून घेतलं आणि १९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीबरोबर 'हॉट क्लब'चं पंचक उभं केलं. एक व्हायोलिन, तीन गिटारी, एक डबल बास. ड्रम नाहीत.

आता तुझं काम. तुला पाठ असलेली एखादी चाल घे आणि डाव्या हाताच्या फक्त तर्जनी आणि मधल्या बोटानं वाजव. उरलेली दोन बोटं बांधू नकोस, ताठही धरू नकोस, नुसती सैल मिटून ठेव. पहिल्या दिवशी चीड येईल. मग एक गोष्ट लक्षात येईल. चार बोटं असली की हात एका जागी बसतो आणि बोटं आडवी, एका तारेवरून दुसरीवर उड्या मारतात. दोनच बोटं असली की हाताला मानेवरून लांबीच्या दिशेनं चालावं लागतं. एका तारेवर दोन सूर, पुढच्या तारेवर दोन, आणि प्रत्येक वेळी हात वर सरकलेला. जँगोचे ते सुसाट आरोह, ज्यांना लोक जादू म्हणतात, त्यांचा सांगाडा हाच आहे. या सरावानं मानेचा वरचा भाग, सातव्या फ्रेटच्या पुढचा, तुझ्या ओळखीचा होईल. बहुतेकांना तो वर्षानुवर्षं परका राहतो.

कॉर्डच्या वेळी तो आखडलेली बोटं वरच्या तारांवर टेकवून त्यांचा जमेल तसा उपयोग करायचा, हेही ऐकून ठेव. त्याचे कॉर्ड छोटे असतात, तीन-चार तारांचे. तू सहाही तारा दाबायच्या नादात मनगट पिळतेस. तीन तारांनी कॉर्ड पुरेसा कळतो. मनगट दुखलं की त्या क्षणी थांब. दुखणं सहन करून वाजवण्यात कसलीही तपश्चर्या नाही.

वेस माँटगोमेरीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या उजव्या हातात जे काही आहे ते त्याचं आहे.

इंडियानापोलिस गावचा हा माणूस. विशीच्या उंबरठ्यावर त्यानं चार्ली ख्रिश्चनची रेकॉर्ड ऐकली आणि गिटार घेतली. नोटेशन वाचता येत नव्हतं. ख्रिश्चनचे सोलो कानानं एकेक करून उतरवले आणि क्लबात जाऊन तेच वाजवू लागला. घर मोठं, खाणारी तोंडं बरीच. दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लबात वादन. घरी सराव करायचा तो रात्रीच, आणि पिकनं वाजवलं की आवाज भिंतीपलीकडे जायचा. म्हणून त्यानं पिक बाजूला ठेवलं आणि अंगठ्याच्या मांसल भागानं वाजवायला लागला, असं सांगतात. शेजाऱ्यांची झोप सांभाळताना जगातला सगळ्यांत उबदार गिटार-आवाज जन्माला आला. १९६० सालची त्याची 'द इन्क्रेडिबल जॅझ गिटार' ही रेकॉर्ड ऐक, दार लावून, दुसरं काही न करता.

तू इमारतीत राहतेस. रात्री दहानंतर तुला कुणी वाजवू देत नाही म्हणून तू कुरकुरतेस. तीच तुझी तालमीची वेळ समज. पिक ड्रॉवरमध्ये टाक. तळहात गिटारवर अलगद टेकव, इतर बोटं सैल सोड आणि अंगठ्यानं तार वरून खाली ढकल. खेचायची नाही, ढकलायची. अंगठा पुढच्या तारेवर जाऊन विसावला पाहिजे. वेस बहुतेक सगळं खालच्या फटक्यांवरच वाजवायचा, त्यामुळे वेगाला मर्यादा येते, आणि मर्यादा आली की कुठला सूर खरोखर हवा हे निवडावं लागतं. पहिले काही दिवस आवाज भुसभुशीत येईल. अंगठ्याची कातडी थोडी निबर झाली की तोच आवाज गोल होतो.

मग ऑक्टेव्ह. सहाव्या तारेवर तर्जनी ठेव, चौथ्या तारेवर दोन फ्रेट पुढे करंगळी किंवा तिच्या शेजारचं बोट. मधली पाचवी तार तर्जनीच्या आतल्या बाजूनं नुसती स्पर्श करून मुकी कर. पाचवी आणि तिसरी या जोडीतही अंतर दोन फ्रेटचंच. चौथी-दुसरी आणि तिसरी-पहिली या जोड्यांत मात्र तीन फ्रेटचं. या दोन मापांत सगळा हिशोब संपतो. आता एकेरी सुरांत येणारी कुठलीही चाल अशी जोडीनं वाजव, हाताचा साचा न मोडता. जोडी घट्ट धरू नकोस, सूर बदलताना दाब सोड आणि साचा तसाच सरकव.

त्याच्या सोलोची बांधणीही शिकण्यासारखी आहे. आधी एकेरी सूर, मग ऑक्टेव्ह, शेवटी भरगच्च कॉर्ड. आपल्याकडे ख्यालात बढत कशी होते ते तू आजीच्या रेडिओवर ऐकत मोठी झालीस, त्यामुळे तुला हे समजावून सांगायला नको. कॉलेजच्या बँडमध्ये सोलो मिळाला की तू पहिल्या चार मात्रांत सगळं देऊन टाकतेस. नंतर द्यायला काही उरत नाही आणि उरलेल्या वेळात तू तेच जोरात वाजवतेस. पुढच्या वेळी पहिलं आवर्तन तीन सुरांत काढ.

आणि हो, वेस ऐकलास की चार्ली ख्रिश्चनपर्यंत जा. बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात १९३९ मध्ये आला आणि १९४२ मध्ये पंचविसाव्या वर्षी क्षयानं गेला. इतक्या थोड्या वर्षांत त्यानं इलेक्ट्रिक गिटारला सॅक्सोफोनसारखं बोलायला शिकवलं. आपल्या आवडत्या वादकाचा गुरू ऐकला की आवडत्या वादकानं स्वतःचं काय घातलं ते वेगळं दिसायला लागतं. घराण्यातली माणसं हे पिढ्यान्पिढ्या करत आलीत.

फ्रेडी ग्रीनचं नाव तुझ्या मित्रांपैकी एकालाही माहीत नसेल. काउंट बेसीच्या बँडमध्ये तो १९३७ मध्ये आला आणि १९८७ मध्ये वारला तोपर्यंत तिथेच होता. पन्नास वर्षं. त्या पन्नास वर्षांत सोलो जवळजवळ नाहीतच. समोर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनच्या रांगा, आणि हा बिनाअँपची गिटार घेऊन प्रत्येक मात्रेला एक फटका. एक, दोन, तीन, चार. गिटार म्हणून तो कानाला क्वचितच ऐकू येतो, पण त्याचा फटका ड्रम आणि बासमध्ये असा मिसळलेला असतो की तो काढून घेतला तर बँड ढासळेल.

त्याची अट अशी: एक पूर्ण गाणं फक्त चार मात्रांचे फटके. शोभेचं काही नाही. कॉर्डच्या दोन किंवा तीन तारा, मधल्या. फटका पडल्या पडल्या डाव्या हाताचा दाब सैल कर, म्हणजे सूर लगेच मिटतो आणि उरतो तो ठेका. मेट्रोनोम लावलास तर त्याचा टोला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येईल असा धर. पहिली आणि तिसरी तुझ्या अंगात असली पाहिजे. गाणं संपेपर्यंत तुझा वेग वाढलेला असेल. सगळ्यांचा वाढतो. ते रेकॉर्ड करून ऐक, नाहीतर पटणार नाही.

तबल्याच्या साथीला आपण जेवढा मान देतो तेवढा गिटारच्या साथीला देत नाही, याचं मला वाईट वाटतं. मैफलीत तुझ्या वेळेपैकी फार मोठा भाग साथीचा असणार आहे. सरावात तो वाटा उलटा का असावा?

बी. बी. किंगबद्दल लोक दोन गोष्टी सांगतात. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सातल्या ट्विस्ट गावी नाचाच्या हॉलला एका भांडणात आग लागली, तो गिटार आणायला परत आत घुसला, आणि भांडण ज्या बाईवरून झालं तिचं नाव ल्युसिल म्हणून पुढे त्यानं प्रत्येक गिटारला तेच नाव दिलं. ही गोष्ट खरी आणि चांगली आहे, पण वाजवायला उपयोगाची नाही. दुसरी उपयोगाची आहे. त्याच्या नात्यातला बुका व्हाइट तारेवर नळी सरकवून स्लाइड वाजवायचा. बी. बी.ला तो आवाज हवा होता आणि स्लाइड काही केल्या हातात बसेना. म्हणून तो बोटानंच तार हलवून त्या आवाजाच्या मागे लागला. त्याचा तो थरथरता व्हायब्रॅटो, जो दोन सेकंदांत ओळखू येतो, तो असा जमला. कॉर्ड आपल्याला जमत नाहीत, असं तो उघडपणे सांगायचा. आणि गाताना गिटार थांबायची, गिटार बोलायला लागली की गाणं थांबायचं.

शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये १९६४ च्या नोव्हेंबरात झालेल्या कार्यक्रमाची त्याची रेकॉर्ड आहे. ती ऐकताना सूर मोजू नकोस, थांबे मोज. तो किती वेळा काहीच वाजवत नाही, ते बघ.

अट ही: तुला येणारं एखादं भावगीत घे. एक ओळ गा, गिटार पूर्ण गप्प. मग त्या ओळीला उत्तर गिटारवर, तोंड गप्प. उत्तर ओळीपेक्षा लहान हवं. आणि उत्तराला पाचच सूर, वरच्या दोन-तीन तारांवर, हात एकाच जागी. तुला वाटेल यात काय वाजवायचं? मग तू एकाच सुराला वेगवेगळ्या तऱ्हेनं स्पर्श करायला लागशील. कधी थेट, कधी खालून ओढून, कधी उशिरा. सराव त्याचाच आहे.

व्हायब्रॅटोसाठी तर्जनी सुरावर रोव, अंगठा मानेवरून उचल आणि हात मनगटातून हलव, दाराची मूठ फिरवावी तसा. बोट एकटं वळवळलं तर आवाज केविलवाणा येतो. गती सम ठेव. तार ओढताना, म्हणजे बेंड करताना, एकट्या बोटावर भार टाकू नकोस, मागची बोटं त्याच तारेवर आधाराला ठेव. आणि ज्या सुरापर्यंत ओढायचं आहे तो आधी फ्रेटवर दाबून ऐक, गाऊन बघ, मग ओढ. अर्ध्यावर राहिलेला बेंड बेसूर गाण्याइतकाच बोचतो.

बी. बी.नंही कुणाकुणाचं ऐकलं होतं ते शोधलंस तर टी-बोन वॉकर सापडेल, लॉनी जॉन्सन सापडेल, चार्ली ख्रिश्चन सापडेल आणि पॅरिसचा आपला जँगोसुद्धा. मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतात वाढलेल्या माणसाला त्या तांड्यातल्या मुलाचं वादन आपलंसं वाटलं. हे मला फार मोठं वाटतं.

काबरांकडे मी सगळ्यांत उशिरा आलो आणि सगळ्यांत खोलवर तेच गेले. जोधपूरचे, जन्म १९३७ चा, तालीम अली अकबर खाँसाहेबांची. त्या काळी आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणजे सिनेमाच्या गाण्यांच्या चाली वाजवायचं वाद्य. त्यातही मोठे लोक होते. व्हॅन शिप्ली घराघरांत पोचला होता आणि आपल्या पुण्याचे इनॉक डॅनियल्स अकॉर्डियन घेऊन त्याच्या बरोबर असायचे. काबरांनी तेच वाद्य मांडीवर आडवं ठेवून त्याला चिकारीच्या तारा लावल्या आणि त्यावर राग वाजवला. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या रेकॉर्डमध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काबरांची गिटार आहे. तबल्याला माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिरभैरवापासून पुढे.

डाव्या हातात लोखंडी बार, तो तारेवर वरून टेकवायचा. फ्रेट आहेत पण ते सूर ठरवत नाहीत, बार जिथे थांबेल तिथे सूर. केसभर इकडेतिकडे झालं तर बेसूर. वाद्याकडून कसलीही हमी नाही, सगळी जबाबदारी कानाची. तुझ्या गिटारला फ्रेट आहेत, त्यामुळे तुझा कान आळशी झालाय. तुझाच नाही, आम्हा सगळ्यांचा होतो.

तुला बार घ्यायला सांगत नाही. एकच तार घे, दुसरी. पहिल्या फ्रेटवर सा धर, म्हणजे पांढरी एक. मग भूप: रे तिसऱ्या फ्रेटवर, ग पाचव्या, प आठव्या, ध दहाव्या, वरचा सा तेराव्या. मागे तानपुऱ्याचं अ‍ॅप लाव. एकाच बोटानं, बोट तारेवरून न उचलता, सुरावरून सुरावर जा. तार एकदाच छेडायची आणि तेवढ्या आसेत दोन सूर घ्यायचे. सरकताना फ्रेटच्या पायऱ्या ऐकू येतील. दाब थोडा हलका कर, त्या बऱ्याच विरतात. इलेक्ट्रिक गिटार असेल तर आठव्या फ्रेटवरच्या पाला ओढून धपर्यंत ने आणि तिथून सावकाश परत पवर ये. परत येणं जास्त अवघड आहे. भूपात ग आणि ध यांच्याजवळ किती वेळ घालवायचा हे तुझ्या कानाला आधीच ठाऊक आहे, ते फक्त बोटात यायचं बाकी आहे.

हेंड्रिक्स का नाही, असं तू विचारणार. माझा फार आवडता आहे. डावखुरा, उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायचा आणि अंगठा मानेवरून वाकवून सहाव्या तारेवर खर्ज धरायचा, त्यामुळे उरलेली चार बोटं कॉर्डमध्ये खेळायला मोकळी. तुझा हात मोठा आहे, तू करून बघ. माझा अंगठा तिथवर पोचत नाही. जो वादक आवडतो तो हातात उतरलेला असतोच असं नाही. तसंच भूपिंदर सिंगांचं. १९७१ च्या 'दम मारो दम'ची गिटार त्यांची. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये वाजवणाऱ्या किती जणांच्या हातांवर त्यांचा ठसा आहे, पण माझ्या नाही.

तारांचं एक सांगून ठेवतो, कारण तू ते करत नाहीस. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, तारा गंजतात आणि गंजलेल्या तारेवर ना मींड होते ना व्हायब्रॅटो. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्यानं प्रत्येक तार वरून आणि खालून पूस. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेव, गिटार एसीच्या झोतासमोर ठेवू नकोस. तार बोटाला खरखरीत लागली की बदल, तुटायची वाट बघू नकोस.

एका वेळी एकच माणूस घे. वेसचा अंगठा आणि बी. बी.ची पाच सुरांची अट एकत्र करू नकोस, दोन्ही निसटतील. फ्रेडी ग्रीनपासून सुरू कर, कारण पुढच्या महिन्यात तुमच्या बँडचा कार्यक्रम आहे आणि तुझा वेग वाढतो. त्यानंतर रात्रीच्या तालमीला वेस. बी. बी. आणि काबरा यांचा क्रम तूच ठरव, दोघेही गाण्याच्याच वाटेनं जातात. जँगो मात्र शेवटी. त्याचा वेग इतका मोहात पाडतो की तो आधी कानात गेला, तर बाकीच्या चौघांचं संथ काम तुला करवणार नाही.